आधी गोणपाटात, मग रानात

मृग नक्षत्र जवळ आले की मराठवाड्यातील अनेक घरांच्या ओसरीवर एक छोटासा प्रयोग मांडला जातो. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून, निवड न करता, शंभर दाणे मोजून घेतात. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहाच्या दहा ओळींत ठेवतात, वर दुसरे ओले गोणपाट पसरतात, त्याची गुंडाळी करतात आणि ती सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडतात. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून कोंब मोजतात. सत्तर किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले असतील तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायला हरकत नाही. कमी आले तर एकरी बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी आले तर ते बियाणे बाजूला ठेवायचे. कृषी खातेही दरवर्षी हाच सल्ला देते. या प्रयोगाला खर्च जवळजवळ शून्य. वाया जातात ते शंभर दाणे. मात्र तो न करता पेरणी केली आणि बियाणे उगवले नाही, तर वाया जातो तो अख्खा हंगाम.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख शेतीवर नाही, संगणकावर आहे. पण जी गोष्ट मला सांगायची आहे ती या गोणपाटाच्या प्रयोगात पूर्णपणे आलेली आहे. संगणकावर आपण जे बनवतो ते जगापुढे ठेवण्याआधी आपल्याच यंत्रावर चालवून, उलटसुलट तपासून पाहावे. आणि ही तपासणी शाळेच्या विज्ञान-प्रात्यक्षिकाचा भाग व्हावी, असे माझे मत आहे. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. तरीही आपल्या बहुतेक शाळांत ते होत नाही. का होत नाही आणि का व्हावे, हे पाहू.

दर्शनी बाजू

बँकेत गेल्यावर आपल्याला खिडकी दिसते. खिडकीपलीकडे वह्या, तिजोरी, हिशेब असे बरेच काही असते. पण आपला व्यवहार होतो तो खिडकीशी. वेबवर चालणाऱ्या प्रत्येक सेवेचेही असेच दोन भाग असतात. दूरच्या संगणकावर माहिती साठवणारा, हिशेब करणारा एक भाग, आणि आपल्या मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर उघडणारा दुसरा भाग. या दुसऱ्या भागाला फ्रंटएंड म्हणतात. आपण त्याला दर्शनी बाजू म्हणू. पडद्यावरच्या चौकटी, बटणे, रंग, सूचना आणि आपण भरलेली माहिती बरोबर आहे की नाही याची पहिली छाननी, हे सारे दर्शनी बाजूचे काम.

ही बाजू तीन भाषांत लिहिली जाते. एचटीएमएलमध्ये पानाचा सांगाडा, सीएसएसमध्ये त्याचे रूप आणि जावास्क्रिप्टमध्ये त्याची हालचाल व हिशेब. तिन्ही साध्या मजकुराच्या फायली असतात. त्या लिहायला साधे नोटपॅड पुरते, आणि त्या वाचून चालवणारे यंत्र, म्हणजे ब्राउझर, तर प्रत्येक संगणकावर असतेच.

ही बाजू आता शहरापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद करू लागला. शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखला, पीकविमा या सगळ्यांची खिडकी पडद्यावर आली. खिडकी नीट उघडली नाही, तर पलीकडे तिजोरी कितीही भरलेली असो, अलीकडच्या माणसाच्या हाती काही येत नाही. म्हणूनच दर्शनी बाजू तपासणे हे दिसते तितके किरकोळ काम नाही.

एकाच यंत्रात दुकान आणि गिऱ्हाईक

‘आमच्याकडे नेट नसते, मग वेब काय शिकवणार?’ हा प्रश्न खेड्यातील अनेक शिक्षक विचारतात. त्याचे उत्तर वेबच्या जन्मकथेतच आहे.

टिम बर्नर्स-ली हे शास्त्रज्ञ जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत काम करीत होते. १९८९ साली त्यांनी वेबची कल्पना मांडली. १९९० च्या अखेरीस जगातील पहिला ब्राउझर आणि पहिला वेब सर्व्हर ही दोन्ही त्यांच्याच टेबलावरील नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर चालू लागली. पान मागणारा आणि पान देणारा, दोघेही एकाच पेटीत! कुणी चुकून कळ दाबून वेब बंद करू नये म्हणून त्या पेटीवर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. जगभर पसरलेले जाळे आधी एका टेबलावर तपासले गेले होते.

आजही प्रत्येक संगणकात ही सोय असते. १२७.०.०.१ हा एक खास पत्ता आहे. त्याचे नाव लोकलहोस्ट. या पत्त्यावर पाठवलेला निरोप तारेवर जातच नाही, बिनतारी लहरींवरही जात नाही. संगणकाच्या आतच वळून तो त्याच संगणकाकडे परत येतो. आपणच आपल्याला पत्र टाकावे तसे. एकाच संगणकात अनेक सेवा चालू असू शकतात, म्हणून पत्त्यापुढे पोर्टचा क्रमांक लिहितात. मोठ्या वाड्यात कोणत्या खोलीचे दार वाजवायचे ते सांगावे तसा. हे क्रमांक ० ते ६५,५३५ असतात.

पायथॉन ही संगणकभाषा विनामूल्य मिळते आणि तिच्यासोबत एक छोटा सर्व्हर येतो. एका ओळीच्या आज्ञेने तो सुरू होतो आणि वेगळे काही सांगितले नाही तर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्गासारखी दोन टिंबे आणि ८००० असे लिहिले की आपल्या फोल्डरमधील पान उघडते. पायथॉन एकदा पेन ड्राइव्हवर आणून घातले की पुढे वर्षभर इंटरनेट नसले तरी चालते.

‘फाइलवर दोनदा टिचकी मारली तरी पान उघडते, मग सर्व्हर कशाला?’ असे कुणी विचारील. शंका रास्त आहे. पण तसे उघडलेले पान ब्राउझर ‘फाइल’ म्हणून उघडतो आणि सुरक्षिततेसाठी तिच्यावर काही बंधने घालतो. उदाहरणार्थ, त्या पानाला शेजारच्या फाइलमधील माहिती सहजी मागवता येत नाही. प्रत्यक्षात पान सर्व्हरकडूनच यायचे असेल तर तपासणीतही ते तसेच आलेले बरे. कुंडीत परीक्षा घ्यायची तर माती तरी त्याच रानातली घ्यावी.

शाळेत साधा वायफाय राउटर असेल तर आणखी एक गंमत करता येते. राउटरला इंटरनेट जोडलेले नसले तरी चालते. सर्व्हर शाळेच्या संगणकावर चालू ठेवायचा आणि त्याच वायफायवरील मोबाइलमधून त्या संगणकाचा जाळ्यातला पत्ता लिहायचा, की पान मोबाइलवर उघडते. येथे नवशिके हमखास फसतात: मोबाइलमध्ये लोकलहोस्ट लिहितात आणि पान उघडत नाही म्हणून हळहळतात. मोबाइलचा लोकलहोस्ट म्हणजे मोबाइल स्वतः. तेथे सर्व्हर चालूच नसतो! एक काळजी मात्र घ्यावी. हा छोटा सर्व्हर सरावासाठी आहे. तो अनोळखी जाळ्यावर सुरू करू नये, त्या फोल्डरमध्ये खासगी कागद ठेवू नयेत आणि काम झाल्यावर तो बंद करावा.

पावसाची वही

आता एक पान प्रत्यक्ष तपासून पाहू. बीड जिल्ह्यातील परळी-अंबाजोगाईच्या परिसरात धर्मापुरी हे गाव आहे. उत्तर चालुक्य काळातील, शिल्पांनी नटलेल्या केदारेश्वराच्या देवळामुळे ते अभ्यासकांना ठाऊक आहे. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पावसाचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. पण पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो हे तुम्ही नेहमी पाहता. म्हणून शाळेने स्वतःचे पर्जन्यमापक ठेवून नोंदी घेणे शहाणपणाचे.

अशी कल्पना करा की, धर्मापुरीतील एका शाळेच्या नववीच्या मुलांनी या नोंदींसाठी एक वेबपान लिहिले. त्यात तीन चौकटी आहेत: गावाचे नाव, रात्रीचा पाऊस, दिवसाचा पाऊस. बटण दाबले की चोवीस तासांचा एकूण पाऊस दिसतो. पान सुंदर झाले आहे. निळा मथळा, ढगाचे चित्र, सगळे काही जागच्या जागी. सगळे वाहवा करतात. आता आपण तपासणीस म्हणून बसू.

पहिली तपासणी. रात्रीचा पाऊस 12, दिवसाचा 5. उत्तर यायला हवे १७. पान दाखवते १२५ मिलिमीटर!

संगणक बेरीज चुकला काय? मुळीच नाही. चौकटीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून येते, आणि दोन मजकुरांमध्ये बेरजेचे चिन्ह ठेवले तर ही भाषा ते एकापुढे एक जोडते. 12 ला 5 जोडले की 125. यंत्राने सांगितलेले काम चोख केले. सांगणाऱ्याने काय सांगितले हे सांगणाऱ्यालाच कळले नव्हते. ही चूक हसण्यावारी नेऊ नका. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर आपल्याकडे ती अतिवृष्टी मानतात, आणि नुकसानभरपाईचा विचार त्या आकड्यावर होतो. त्या पानाने एका साध्या सरीची अतिवृष्टी करून टाकली असती.

दुरुस्ती सोपी आहे. मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करायचे, मग बेरीज. आता १७ उत्तर येते.

दुसरी तपासणी. पाऊस मराठी अंकांत लिहा: १२ आणि ५. आता पान म्हणते, ‘संख्या नव्हे’. आपण मराठी शाळेत पहिलीपासून जे अंक गिरवले ते जावास्क्रिप्टच्या रूपांतराला ओळखू येत नाहीत. गंमत अशी की पायथॉनला ते ओळखू येतात. तेथे १२ या मराठी मजकुराची संख्या बिनतक्रार बारा होते. दोष मराठी अंकांचा नाही. पान लिहिणाऱ्याने त्यांची सोय केली की नाही, एवढाच प्रश्न आहे. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात ० ते ९ या देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ असे सलग क्रमांक दिलेले आहेत. अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. दोन-तीन ओळींत काम होते. पण ते करावे हे सुचायला कुणीतरी मराठी अंक टाकून पाहावे लागतात. दूरच्या शहरातील तपासणीस ते टाकून पाहीलच असे नाही. धर्मापुरीतला मुलगा सहज पाहील.

तिसरी तपासणी. दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून बटण दाबा. पान म्हणते, ० मिलिमीटर.

येथे क्षणभर थांबा, कारण ही तिन्हींतली सर्वांत घातक चूक आहे. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी शाळा बंद होती म्हणून नोंद राहिली, आणि वहीत शून्य लिहिले गेले, तर महिन्याची सरासरी खोटी ठरते. १२५ हा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. शून्य खुपत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे वहीत दडून राहू शकते. विज्ञानात खोट्या नोंदीपेक्षा मोकळी जागा बरी.

आणखी मौज पुढेच आहे. पहिली दुरुस्ती करण्यापूर्वी ही चूक पानात नव्हतीच! तेव्हा रिकाम्या मजकुराला रिकामा मजकूर जोडला जात होता आणि उत्तराची जागा रिकामीच राहत होती. मजकुराची संख्या करण्याची आज्ञा आपण घातली, आणि ती आज्ञा रिकाम्या मजकुराचे शून्य करते. म्हणजे एक चूक दुरुस्त करताना आपण दुसरी जन्माला घातली. म्हणूनच जाणकार मंडळी एक नियम पाळतात: प्रत्येक दुरुस्तीनंतर केवळ दुरुस्त केलेली जागा न पाहता आधीच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या. हाताने कंटाळा येतो, म्हणून त्या तपासण्याच एका छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवतात. हे द्या, हे उत्तर यायला हवे, नाही आले तर ओरडा. एका कळीसरशी सगळी परीक्षा पुन्हा होते.

चौथी तपासणी. दशांश चिन्ह वापरा: 0.1 आणि 0.2. उत्तर येते ०.३ च्या पुढे चौदा-पंधरा शून्ये आणि शेवटी ४. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि एकदशांश ही संख्या त्या पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. आपल्या पद्धतीत एकतृतीयांश ०.३३३… असा कधीच संपत नाही, तसेच. पर्जन्यमापक एकदशांश मिलिमीटरपर्यंत वाचता येते, तेव्हा उत्तरही तेवढ्याच अचूकतेने, एका दशांश स्थळापर्यंत दाखवावे. मापनातील अचूकता आणि दाखवलेली अचूकता सारखी असावी हे तुम्ही भौतिकशास्त्रात शिकताच.

गावाचे नाव किती अक्षरी?

पाचवी तपासणी खास धर्मापुरीची. ‘धर्मापुरी’ या नावात अक्षरे किती? ध, र्मा, पु, री. चार. पान लिहिणाऱ्या मुलाने हिशेब केला: गावाचे नाव चार अक्षरी, दुप्पट जागा ठेवू, म्हणून त्याने चौकटीला आठ अक्षरांची मर्यादा घातली. आता नाव लिहून पाहा. चौकटीत ‘धर्मापुर’ एवढेच राहते. शेवटची वेलांटी आत येत नाही.

कारण असे. युनिकोडमध्ये ध, र, हलन्ताचे चिन्ह, म, काना, प, उकार, र आणि वेलांटी यांना प्रत्येकी वेगळा क्रमांक आहे. एकूण नऊ. ब्राउझरची ती मर्यादा हे क्रमांक मोजते, आपली अक्षरे नव्हे. हे नऊ क्रमांक यूटीएफ-८ पद्धतीने साठवले तर प्रत्येकी तीन, म्हणजे सत्तावीस बाइट लागतात. पानाच्या सुरुवातीला ही पद्धत जाहीर केली नाही, तर त्या सत्तावीस बाइटांचा ब्राउझर भलताच अर्थ लावू शकतो आणि गावाच्या नावाजागी अगम्य चिन्हांची रांग दिसते.

वाचणाऱ्याच्या दृष्टीने अक्षर कोठे संपते हे सांगणारे वेगळे नियमही युनिकोडमध्ये आहेत आणि नव्या ब्राउझरांत त्याप्रमाणे मोजण्याची सोय आहे. त्या नियमांनुसार पूर्वी ‘धर्मापुरी’ची अक्षरे पाच व्हायची, कारण र् आणि मा वेगवेगळे मोजले जात. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत जोडाक्षरांचा नियम सुधारला आणि ‘र्मा’ एक झाले. तेव्हापासून उत्तर चार. मात्र जुना ब्राउझर असेल तर अजून पाचच! एका गावाच्या नावाची लांबी नऊ, पाच की चार, हे कोणता नियम आणि कोणता ब्राउझर यावर ठरते. मराठी मुलांनी तपासावे असे येथे किती पडले आहे पाहा. ‘ॲ’ हे अक्षरसुद्धा युनिकोडमध्ये २००८ साली आले. आपल्या लिपीच्या गरजा कुणीतरी दाखवून दिल्या म्हणूनच अशी भर पडत गेली.

घरच्या परीक्षेच्या मर्यादा

गोणपाटात शंभरपैकी नव्वद दाणे उगवले म्हणून रानात पीक येईलच असे नाही. पाऊस यायला हवा, खोडकीड यायला नको. तसेच ‘माझ्या संगणकावर तर चालते’ हे वाक्य कधीही शेवटचे समजू नये. विंडोज संगणक फाइलच्या नावातील इंग्रजी मोठे व लहान अक्षर एकच मानतो, तर इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि ते दोन्ही वेगळी मानतात. ढगाचे चित्र घरी दिसते आणि तिकडे गेल्यावर नाहीसे होते ते बऱ्याचदा यामुळे. दुसरे म्हणजे, लोकलहोस्टवर पान डोळ्याचे पाते लवायच्या आत येते. गावात, रेंजच्या एखाद्या काडीवर, तेच पान येण्यास कितीतरी वेळ लागतो.

या दुसऱ्या अडचणीवर घरच्या घरी उपाय आहे. संगणकावरील बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबली की तपासणीची साधने उघडतात. क्रोम, एज यांसारख्या ब्राउझरांत जाळ्याचा वेग मुद्दाम कमी करून, किंवा जाळे तोडून, पान कसे वागते ते पाहता येते. पडदा मोबाइलएवढा अरुंद करता येतो. शाळेत बसून डोंगरपायथ्याचा मोबाइल अनुभवता येतो. मला तर वाटते की, प्रत्येक वेबपान लिहिणाऱ्याने दिवसातून एकदा तरी वेग पार खाली आणून स्वतःचे पान उघडावे आणि स्वतःच वाट पाहावी. कितीतरी जड चित्रे त्याच दिवशी काढून टाकली जातील!

हरकती आणि उत्तरे

काही शिक्षक म्हणतील, आम्हाला स्वतःलाच हे येत नाही. पण वरील तपासण्यांपैकी कोणतीही करायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. काय दिले तर काय उत्तर यायला हवे, एवढे ठाऊक असले की पुरे. आणि पावसाची बेरीज शिक्षकांना येतेच. चूक शोधणे एकाने करावे, दुरुस्ती दुसऱ्याने करावी. शिक्षक व विद्यार्थी शेजारी बसून शिकले तर त्यात कमीपणा कसला?

दुसरी हरकत नव्या काळाची आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती अख्खे पान लिहून देते. मग मुलांनी हे कशाला शिकायचे? मी म्हणतो, म्हणूनच शिकायचे. बियाणे स्वतः राखलेले असो की दुकानातून आणलेले, गोणपाट दोघांनाही सारखेच. लिहून मिळालेले पान रिकाम्या चौकटीचे शून्य करते काय, मराठी अंक ओळखते काय, हे विचारायला पाऊस म्हणजे काय आणि नोंद म्हणजे काय हे जाणणारा माणूस हवा.

तिसरी हरकत साधनांची. आपल्या देशात १९८४ साली काही निवडक शाळांत ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा बीबीसी मायक्रो हे छोटे संगणक दिले गेले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे त्या मुलांपुढे जाळे नव्हतेच. यंत्र चालू केले की आज्ञेची वाट पाहणारा पडदा समोर यायचा आणि मुलाला काहीतरी लिहावेच लागायचे. आजच्या शाळेतला जुना संगणकही त्या यंत्राच्या कितीतरी पट समर्थ आहे. तरी जाळे नाही म्हणून त्याच्यावर धूळ बसावी, आणि जाळे असले तर त्याच्यावर फक्त चित्रफिती पाहाव्यात, हे दोन्ही मला सारखेच खटकते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाळेच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत एक पान संगणकाला द्यावे. त्यावर चार रकाने आखावेत: काय दिले, काय अपेक्षित होते, काय मिळाले, काय दुरुस्त केले. पहिले दोन रकाने बटण दाबण्याआधी भरावेत. नाहीतर मिळालेले उत्तरच बरोबर वाटू लागते. आणि गुण द्यायचे ते पानाच्या देखणेपणापेक्षा सापडलेल्या चुकांना द्यावेत. रसायनशाळेत द्रावणाला अपेक्षित रंग आला नाही तर आपण कारण शोधतो. संगणकाच्या खोलीत तसे झाले की मात्र मुलगा घाबरून बटण बंद करतो. ही भीती जायला हवी. लोकलहोस्टवर केलेली चूक बाहेरच्या कुणाला त्रास देत नाही, कुणाचा अर्ज अडवत नाही, कुणाच्या गावाच्या नावाची वेलांटी खात नाही. चुका करून पाहण्यासाठी इतकी स्वस्त जागा दुसरी मिळणार नाही.

केदारेश्वराच्या देवळावर छिन्नी चालवणाऱ्या कारागिरांना ही सोय नव्हती. चुकलेला घाव परत घेता येत नसे. तुम्हाला ती आहे. तेव्हा येत्या शनिवारी शाळेचा संगणक उघडा, तीन चौकटींचे ते पान लिहा आणि पहिल्या चौकटीत आपल्या गावाचे नाव टाका. किती अक्षरे आत जातात ते मोजा. मग पाऊस भरा: इंग्रजी अंकांत, मराठी अंकांत आणि मुळीच न भरता. काय मिळाले ते वहीत लिहा. शंभर दाण्यांतले किती उगवले हे गोणपाट उलगडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.